शिक्का मारायला सगळे, शिकवायला कोण?

पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा. ज्यांची लेकरं एमपीएच, एमएसडब्ल्यू नाहीतर एमडी करतायत त्यांनी, आणि आरोग्य खात्यातल्या माझ्या मित्रमैत्रिणींनी मात्र शेवटपर्यंत वाचा. राग आला तरी वाचा.

बीड जिल्ह्यात सार्वजनिक आरोग्य शिकायला म्हणून जी पदव्युत्तर पोरं-पोरी येतात, त्यांना आपण शिकवत नाही. एक तर वापरून घेतो, नाहीतर टाळतो. आणि दोन्हीच्या शेवटी प्रमाणपत्र एकच देतो: 'कामकाज अत्यंत समाधानकारक'.

कसं होतं ते बघा. विद्यापीठाचं पत्र येतं, त्याला आवक क्रमांक पडतो. पोरगी पत्राची प्रत घेऊन दारात उभी. साहेब व्हीसीत. व्हीसी संपली की आढावा बैठक, ती संपली की मुंबईचा फोन. तिसऱ्या दिवशी भेट होते, चार मिनिटांची. "विषय काय घेतलाय? ऊसतोड महिला? चांगलं आहे. त्या टेबलाला बसा." त्या टेबलावरचा माणूस आधीच दोन टेबलांचं काम ओढतोय. तो पोरीकडं बघतो, तिच्या लॅपटॉपकडं बघतो, आणि त्याच्या मनात पहिला विचार येतो तो हाच, की हिला टायपिंग बरं येत असणार. त्याचं काय चुकलं? ही इथं काय शिकायला आलीय हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही.

मग ती सहा-आठ आठवडे पोर्टलला माहिती भरते. जो आकडा ती टाइप करते तो उपकेंद्रात कसा तयार झाला, सेविकेनं कोणत्या रजिस्टरमधून काढला, आणि अहवालात 'निरंक' लिहिलंय ते काही घडलं नाही म्हणून की कुणी गेलंच नाही म्हणून, हे तिला कुणी दाखवत नाही. खरं सांगू का, सार्वजनिक आरोग्याचं अर्धं शिक्षण त्या एका 'निरंक'मध्ये आहे. २०२१ पासून रोगसर्वेक्षणाची माहिती आयएचआयपी पोर्टलवर जाते. तिथं तीन नमुने असतात: लक्षणांवरून भरायचा एस, डॉक्टरनं संशयित निदानावरून भरायचा पी, आणि प्रयोगशाळेनं भरायचा एल. समजा एखाद्या गावातून एसमध्ये तापाचे तीस-चाळीस रुग्ण दिसतायत आणि एलमध्ये त्या गावचा एकही नमुना नाही. हे असं का, एवढा एक प्रश्न देऊन सुपरवायझरनं विद्यार्थ्याला त्या गावात पाठवावं. रक्ताचे नमुने घेतले का, घेतले तर कुणी नेले, एसटीनं की मोटारसायकलवर, कुठं अडकले, निकाल परत आला का. चार दिवसांत त्या पोराला जे कळेल ते दोन सेमिस्टरच्या पीपीटीत नाही. आणि कार्यालयालाही त्यातून काहीतरी हाताला लागेल. पण त्यासाठी कुणीतरी तो प्रश्न आधी विचारायला पाहिजे ना. पोर्टल भरायला बसवायला डोकं लागत नाही. प्रश्न द्यायला लागतं.

दुसरी तऱ्हा मोकळं सोडायची. "फिरा गावात, आशाताईला फोन करतो." झाली देखरेख. म्हणजे विद्यापीठानं जी जबाबदारी जिल्ह्यावर टाकली, ती जिल्ह्यानं तालुक्यावर टाकली, तालुक्यानं प्राथमिक आरोग्य केंद्रावर, आणि शेवटी पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या मुलाची खरी मार्गदर्शक झाली आठवी-दहावी शिकलेली आशाताई. ती चांगलीच शिकवते, त्यात वाद नाही. बऱ्याच पोरांना जे काय कळलं ते तिच्यामुळंच कळलं. पण तिला कामागणिक मोबदला मिळतो, आणि त्या मोबदल्याच्या यादीत 'इंटर्नला गाव दाखवणे' असं काम नाही. तिच्या बुडालेल्या दिवसाचे पैसे कोण देणार? प्रबंधाच्या पहिल्या पानावर आभार मानतात, 'सर्व आशा कार्यकर्त्यांचे'. नावसुद्धा नाही.

आता कुणी म्हणेल नियम नाहीत म्हणून असं होतं. नियम आहेत, आणि बरे आहेत. २०२० च्या सप्टेंबरमध्ये वैद्यकीय पदव्युत्तर शिक्षणाच्या नियमांत जिल्हा निवासी कार्यक्रम आला. सोप्या भाषेत असं, की एमडी-एमएसच्या विद्यार्थ्यानं तिसऱ्या, चौथ्या नाहीतर पाचव्या सत्रात तीन महिने जिल्ह्याच्या आरोग्य व्यवस्थेत काढायचे. जिल्ह्यात त्याचा समन्वयक असायचा, विद्यार्थ्यानं लॉगबुक ठेवायचं, आपल्या कॉलेजच्या शिक्षकांशी फोनवर आणि ऑनलाइन संपर्कात राहायचं, आणि हे नीट पूर्ण केल्याशिवाय अंतिम परीक्षेला बसता यायचं नाही. २०२३ च्या नव्या नियमांतही हा कार्यक्रम कायम ठेवला. उद्देश काय लिहिलाय? सेवा करता करता शिकणं. राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रम जिल्ह्यात कसे आखतात, कसे राबवतात, त्यांचं फळ कसं मोजतात याची ओळख होणं. एमबीबीएसच्या इंटर्नलाही २०२१ च्या नियमांप्रमाणं बारा आठवडे कम्युनिटी मेडिसिनसाठी दिलेत.

कागद उत्तम. पण 'सेवा करता करता शिकणं' यातली सेवा आपल्याला लगेच समजते, कारण नाइट ड्यूटीला माणूस पाहिजेच असतो. शिकणं कुणाच्या वाट्याला येतं? समन्वयक म्हणून ज्या अधिकाऱ्याचं नाव जातं, तो अतिरिक्त कार्यभार सांभाळून, कोर्टाच्या तारखा, मंत्र्यांचे दौरे आणि औषध खरेदीच्या फायलींतून वेळ काढणार. आठवड्यातले दोन तास विद्यार्थ्यांसाठी, हे त्याच्या कामाच्या यादीत नाही. त्याच्या गोपनीय अहवालात त्याबद्दल एक ओळ नाही. मग तो ते का करेल? चांगुलपणावर करेल. काही अधिकारी करतातही, मी बघितलेत, रात्री नऊ वाजता विद्यार्थ्याचा तक्ता घेऊन बसणारे. पण चांगुलपणाची बदली झाली की कार्यक्रम संपला.

आणि हे काही नवं दुखणं नाही. स्वातंत्र्याच्या आधी, १९४६ साली भोर समितीनं सांगितलं होतं की डॉक्टरच्या शिक्षणात तीन महिने प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकाचे असावेत, डॉक्टर हा समाजाचा वैद्य व्हावा. १९७७ मध्ये केंद्रानं 'रोम' योजना आणली, प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयानं तीन विकासगट दत्तक घ्यायचे. आपल्या अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालय १९७४ चं, त्याच्या नावातच 'ग्रामीण' आहे. आशियातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय म्हणून आपण छाती फुगवून सांगतो, आणि सांगावंच. पण मग ग्रामीण आरोग्याची इंटर्नशिप कशी करून घ्यायची हे अख्ख्या महाराष्ट्रानं बीडकडं येऊन शिकायला पाहिजे होतं. पाहिजे होतं की नाही?

आता बीडमध्येच याचं मोल इतकं का, ते सांगते.

२०१९ चा उन्हाळा आठवतो ना? ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढल्याच्या बातम्या देशभर, मग जगभर गेल्या. त्या जूनमध्ये तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत सांगितलं, बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशय शस्त्रक्रिया झाल्या. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. तपासलेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. सहा बायकांमागं एक. चौथ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, २०१५-१६ मध्ये, देशातलं प्रमाण १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांमागं साधारण तीन होतं. वयोगट तंतोतंत तोच नसेल, तरी फरक डोळ्यात भरतो.

मला त्या ४,६०५ या आकड्याबद्दल बोलायचंय. तो विचारल्यावर मिळाला. म्हणजे दवाखान्यांत नोंदी होत्या, केसपेपर होते, ऑपरेशनची रजिस्टरं होती. तीन वर्षं ती तिथंच होती. त्या तीन वर्षांत आपल्या कार्यालयांतून अनुभव प्रमाणपत्रं घेऊन पोरं बाहेर पडत होतीच. त्यातल्या एकाला जरी कुणी म्हणालं असतं, बाबा, एका तालुक्यातल्या दोनशे शस्त्रक्रियांचे कागद घेऊन बस, बाईचं वय लिही, कारण काय लिहिलंय ते बघ, सोनोग्राफी आहे का, आधी गोळ्या-औषधांचा उपचार केला होता का, काढलेलं गर्भाशय तपासणीला पाठवलं का, आणि शस्त्रक्रियेची तारीख टोळी निघायच्या किती दिवस आधीची आहे. एवढंच. यातलं एकही काम पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरचं नाही. पण हे काम एकट्या विद्यार्थ्याला जमणारं नाही, हेही तितकंच खरं. खाजगी दवाखान्याचं दार त्याला उघडणार नाही. त्याच्यामागं अधिकाऱ्याची सही लागते, आणि दार बंद झालं तर "मी पाठवलंय" म्हणणारा माणूस लागतो. देखरेख म्हणजे हजेरी नव्हे, ती ही पाठराखण आहे.

पस्तिशीच्या आत गर्भाशय काढलेली, त्यात बीजाशयंही गेलेली बाई पुढं काय भोगते हे आपल्या गावांत दिसतं. हाडं ठिसूळ होतात, अंगात आग होते, कंबर धरते, आणि तरी कोयता सुटत नाही, कारण उचल फिटलेली नसते आणि एक खाडा म्हणजे दंड. अंगावरून पांढरं जातंय म्हणून गेलेल्या बाईला कॅन्सरची भीती घालून टेबलावर घेतलं गेलं, अशा हकिगती तेव्हा बायकांनीच उघडपणे सांगितल्या. या हकिगती आणि कागद यांची सांगड घालणं, हेच सार्वजनिक आरोग्याचं काम. त्यानंतर जिल्ह्यात गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीची पद्धत आली. २०२३ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानंही अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रियांबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं सगळ्या राज्यांना लागू करायला सांगितली. मग आज माझा साधा प्रश्न आहे. परवानगीसाठी आलेल्या अर्जांत काय लिहिलेलं असतं, किती नाकारले, का नाकारले, नाकारलेल्या बाईचं पुढं काय झालं, ती शेजारच्या जिल्ह्यात गेली का, हे कुणा विद्यार्थ्याला अभ्यासायला दिलंय का? तसं नसेल तर ती पोरगी पोर्टलवर काय भरतेय ते मला सांगू नका.

आता उलट बाजू. देखरेखीशिवाय पोरांना गावात सोडणं हे नुसतं वाया घालवणं नाही, धोक्याचंही आहे. पोरांच्या नाही, बायकांच्या दृष्टीनं.

समजा तेवीस वर्षांची विद्यार्थिनी वस्तीवर प्रश्नावली घेऊन बसलीय. बाईला विचारतेय, पिशवी कधी काढली, किती खर्च आला, पैसे कुणी दिले. सासू शेजारी बसलेली, दारात मुकादमाचा भाऊ उभा. बाई काय सांगणार? आणि खरं सांगितलं तर रात्री तिचं काय होणार? मुलाखत कुठं घ्यायची, कुणासमोर थांबवायची, नाव लिहायचं की नाही, भरलेले फॉर्म कुठं ठेवायचे, हे कुणीतरी आधी शिकवावं लागतं. नाहीतर बायकांच्या नावानिशी भरलेली एक्सेल शीट व्हॉट्सअॅपवर फिरते, आणि ज्यांना ती फिरवायची त्यांना त्यात गैर काहीच वाटत नाही.

किंवा समजा मुलाखतीत कळलं की घरातली सून सोळा वर्षांची आहे आणि तिला चौथा महिना चाललाय. आपल्याकडं ही काही दुर्मिळ गोष्ट नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या शंभर बायकांपैकी चाळीसहून जास्त जणींची लग्नं अठराच्या आत झालेली. आता या विद्यार्थिनीनं संमतीपत्रावर लिहून दिलंय की तुमची माहिती गुप्त राहील. इकडं पोक्सो कायदा सांगतो की अशी गोष्ट कळली की कळवणं बंधनकारक आहे. कळवलं तर त्या मुलीचा नवरा, सासू, कदाचित आईबापही पोलीस ठाण्यात, आणि ती भीतीनं दवाखान्यात यायचीच बंद होणार. नाही कळवलं तर कायदा मोडला, आणि मुलीला काही झालं तर? गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक, तो कदाचित त्याच लग्नात जेवून आलेला. त्या संध्याकाळी ती पोरगी कुणाला फोन करणार? विद्यापीठातल्या गाइडला? ते दोनशे-तीनशे किलोमीटरवर, त्यांना गाव कोणतं तेही माहीत नाही. आपल्या साहेबांना? त्यांचा नंबर तिच्याकडं नाही.

हा प्रश्न वर्गात सुटत नाही. तो त्याच संध्याकाळी, त्या मुलीची तब्येत आणि सुरक्षितता आधी बघून, कायदा माहीत असलेल्या आणि गाव माहीत असलेल्या माणसानं सोबत बसून सोडवायचा असतो. अशा माणसालाच सुपरवायझर म्हणतात. शिक्का मारणाऱ्याला नाही.

एक साधी गोष्ट, हसू येईल. बऱ्याच संस्थांच्या वेळापत्रकात क्षेत्रकार्याचा सलग काळ हिवाळ्यात येतो. ऊसतोड बायकांच्या आरोग्याचा अभ्यास करायला पोरं डिसेंबर-जानेवारीत शिरूर कासार, पाटोदा, वडवणी, धारूरला येतात. बाया आहेत कुठं? त्या दसरा-दिवाळी करून गेल्या, सांगली-कोल्हापूरला, नाहीतर कर्नाटकात. वस्तीवर म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं. मग पोरं जे सापडतील त्यांच्या मुलाखती घेतात आणि 'ऊसतोड महिलांचा अभ्यास' म्हणून प्रबंध बांधतात. जिल्ह्यातल्या एका माणसानं पत्र आलं त्याच दिवशी फोन उचलून "पोरांनो, एप्रिलनंतर या, नाहीतर आम्ही तुम्हाला फडावर पाठवतो" एवढं सांगितलं असतं तरी निम्मी माती टळली असती.

पैशाचं बोलू. २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावीवाल्याला ६,०००, आयटीआय-पदविकावाल्याला ८,०००, पदवीधराला १०,००० रुपये महिना. आधी सहा महिने, मग मुदत वाढवून अकरा. सरकारी कार्यालयांत ही पोरं बसली. त्यांच्या मेहनतीबद्दल मला आदर आहे, नंतर ती मोर्चे काढत रस्त्यावर आली त्याबद्दलही. पण तिथंही हाच घोळ झाला. नाव 'प्रशिक्षण', आणि काम रिकाम्या पदाचं. जो कारकून सेवानिवृत्त झाला त्याची खुर्ची प्रशिक्षणार्थ्यानं भरली, आणि मुदत संपली की "तुम्ही तर शिकायला आला होतात" म्हणून घरी. एमपीएच-एमएसडब्ल्यूच्या पोरांना तर बहुतेक वेळा तेवढंही नाही. बीडला खोली भाड्यानं घ्यायची, पेट्रोल स्वतःचं, मेस स्वतःची. ज्याच्या घरी परवडतं तोच मग 'फील्ड एक्स्पीरियन्स' मिळवतो. गेवराईच्या शेतमजुराच्या पोरीनं विद्यापीठातून परत आपल्याच जिल्ह्यात शिकायला यायचं म्हटलं तर तिला ते परवडत नाही, याला काय म्हणायचं?

रिकामी पदं भरा. इंटर्नच्या आडून ती झाकू नका. जिथं आरोग्य सेवकाचं पद रिकामं आहे तिथं इंटर्न बसवला की दोघांचं नुकसान होतं. पद रिकामं आहे ही तक्रार मुकी होते, आणि पोरगं शिकत नाही.

खात्यातले मित्र काय म्हणणार ते मला पाठ आहे. पहिलं, "वेळ नाही." मान्य. एका तालुका आरोग्य अधिकाऱ्याचा दिवस मी जवळून बघितलाय, त्याला जेवायला वेळ नसतो. पण मग विद्यार्थी घेऊ नका. पत्राला उत्तर द्या, की यावर्षी आमच्याकडं देखरेखीला माणूस नाही, दोनच विद्यार्थी पाठवा, किंवा एकही नको. नाही म्हणणं हे वीस जण घेऊन एकालाही न शिकवण्यापेक्षा प्रामाणिक आहे. दुसरं, "ही पोरं येतात, दोन महिन्यांत शहाणपण शिकवतात आणि जातात." येतात तशीही. पुण्या-मुंबईहून आलेलं एखादं पोरगं पहिल्याच दिवशी सेविकेला विचारतं, "तुम्ही हे डेटा व्हॅलिडेट का करत नाही?" तिच्या हाताखाली पाच-सहा गावं, डोक्यावर लसीकरणाचं सत्र. अशा पोराचे कान पकडायला पण सुपरवायझरच लागतो की! त्याला दोन दिवस तिच्या मागं गाडीवर फिरवा, तिसऱ्या दिवशी प्रश्न बदललेला असतो.

तिसरं उत्तर सगळ्यात वाईट: "जिल्ह्याची बदनामी होते." गेल्या काही वर्षांत बीडचं नाव ज्या ज्या कारणांनी देशभर गेलं ते मलाही खुपतं. बाहेर कुणी "तुम्ही बीडच्या का?" असं विचारलं की त्या 'का'मध्ये काय असतं ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पण विद्यार्थ्याचा अहवाल दाबून बदनामी कधी थांबली? २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात शून्य ते सहा वयाच्या हजार मुलांमागं ८०७ मुली उरल्या होत्या. दहा वर्षांपूर्वी त्या ८९४ होत्या. हे आकडे बाहेरच्यांनी नाही केले. ते इथल्याच सोनोग्राफीच्या खोल्यांत घडले, आणि त्या काळातही जन्मनोंदी आपल्याच ग्रामपंचायतींत आणि दवाखान्यांत पडून होत्या. दर सहा महिन्यांनी एखाद्या विद्यार्थ्यानं त्या मोजल्या असत्या आणि कुणीतरी त्या मनावर घेतल्या असत्या, तर जनगणनेची वाट बघायला लागली नसती.

आणि हे होत नाही असं नाही. आष्टी-पाटोद्याच्या शिवेला लागून जामखेड आहे. तिथं १९७० मध्ये रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्यानं काम सुरू केलं, १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे मिळालं. जगभरातले विद्यार्थी तिथं शिकायला येतात, आणि त्यांना शिकवणाऱ्यांत खेड्यातल्या आरोग्य कार्यकर्त्या असतात, शिक्षिका म्हणून समोर उभ्या राहिलेल्या, आभाराच्या ओळीत कोंबलेल्या नव्हे. शिवेच्या पलीकडं जे चालतं ते अलीकडं का चालत नाही? बरं, ती संस्था म्हणून जमलं म्हणाल, तर सरकारीच उदाहरण घ्या. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेनं २००१ पासून दोन वर्षांचा अभ्यासक्रम चालवलाय. त्यात शिकणारा बहुतेक काळ क्षेत्रात असतो, मधून मधून चेन्नईला जातो. त्याला साथ तपासायची असते, रोगसर्वेक्षणाची यंत्रणा तपासायची असते, जिल्ह्याच्या आकड्यांचं विश्लेषण करायचं असतं, आणि प्रत्येक कामावर मार्गदर्शकासोबत चर्चा होते. तिथं जमतं, कारण मार्गदर्शकाचं काम हे काम म्हणून धरलेलं आहे.

मला हवंय ते फार नाही. विद्यार्थी यायच्या आधी त्याच्या सुपरवायझरचं नाव आणि मोबाइल नंबर पत्रात असावा, पदनाम नको, नाव हवं. त्या माणसाचे आठवड्यातले दोन तास त्याच्या कामात धरावेत आणि त्याला त्याबद्दल मानधन मिळावं. विद्यापीठं फी घेतात, त्यातून द्यावं. आशाताईचा दिवस मोडला तर त्याचेही पैसे द्यावेत. विद्यार्थ्याला जिल्ह्याचा एक खरा प्रश्न द्यावा, ज्याचं उत्तर कार्यालयाला हवं आहे. विद्यापीठातल्या गाइडनं त्या काळात एकदा तरी इथं यावं, आणि जिल्हा परिषदेच्या सभागृहात नव्हे, उपकेंद्रावर यावं. आणि शेवटी निष्कर्ष मराठीत, दोन पानांत, सेविका, आशा आणि ज्या बायकांनी माहिती दिली त्यांच्यासमोर वाचून दाखवावेत. इंग्रजी प्रबंध विद्यापीठाच्या कपाटाला वाळवी लागेपर्यंत राहू द्या तिकडंच. ज्या बाईनं आपलं दुखणं सांगायला दोन तास दिले, तिला त्यातून काय निघालं हे कधीच कळत नाही. म्हणून पुढच्या वर्षी दुसरी पोर गेली की ती विचारते, "मागच्या बाईनं लिहून नेलं होतं, त्याचं काय झालं?" आणि त्या पोरीकडं उत्तर नसतं.

जिल्हा परिषद हे ठराव करून करू शकते. त्याला मंत्रालयाचा जीआर लागत नाही, कोट्यवधीचा निधी लागत नाही. ज्यांचे सदस्यांशी संबंध आहेत त्यांनी ही पोस्ट त्यांच्यापर्यंत पोचवा.

आणि ज्यांनी बीड जिल्ह्यात इंटर्नशिप किंवा क्षेत्रकार्य केलंय त्यांनी खाली कॉमेंटमध्ये दोनच गोष्टी लिहा. तुमचा सुपरवायझर तुम्हाला सगळे आठवडे मिळून किती तास भेटला, आणि तुमचा रिपोर्ट आज कुठं आहे. कार्यालयाचं किंवा कुणा साहेबांचं नाव लिहू नका, नाहीतर पुढच्या वर्षी येणाऱ्या पोरांना दारातूनच परत पाठवतील.